माळ्यावरची काळी सिंगर आणि दुकानातली उषा: आधी बॉबिन बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. खानापूर तालुक्यातल्या एका घराच्या माळ्यावर लाकडी पेटीत हाताने फिरवायची काळी सिंगर सापडली. अंगावर सोनेरी नक्षी आहे, नंबर 'वाय' अक्षराने सुरू होतो, आत निमुळतं लांब शटल (खालचा दोरा धरून मागेपुढे जाणारा भाग) आहे आणि चाक जागचं हलत नाही. दुसरीकडे बेळगावात जुन्या सामानाच्या दुकानात पायाची एक उषा स्टँडसकट मिळते आहे, नवा चकचकीत रंग दिलेली. सिंगर किती जुनी, तिला किंमत येईल का, ती चालू होईल का आणि घरच्या शिवणाला दोन्हींतली कोणती वापरावी?

आधी उत्तर. तुमची सिंगर बहुधा २८ के किंवा १२८ के आहे, १९२१ ते १९३५ या काळातली, स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या कारखान्यातली. ती जाम झाली आहे ती बहुधा वाळलेल्या तेलाने, आणि ते सुटतं. लाखांची किंमत येणार नाही. ती विकू नका, रंगवू नका, चालू करून घरातच ठेवा. रोजचं शिवण उषावर करा, पण ती उषा घेण्याआधी नव्या रंगाखाली काय आहे ते तपासा. आता यामागची कारणं आणि कृती.

जुनी मशीन ओळखताना बहुतेक लोक नाव आणि नक्षी बघतात. दोन्ही फसवतात. नाव पुसून दुसरं चिकटवता येतं आणि एकच नक्षी कंपनीने चार-चार मॉडेलवर वापरली आहे. आतली बॉबिन, म्हणजे खालच्या दोऱ्याची रीळ, आणि ती धरणारा भाग मात्र खोटं बोलत नाही. म्हणून सुईपट्टीशेजारची सरकती पट्टी उघडा आणि आत बघा. आपल्या भागात सापडणाऱ्या काळ्या मशीनची मोठी घराणी चारच आहेत.

पहिलं घराणं लांब शटलचं. बॉबिन म्हणजे दोन टोकांना छोट्या चकत्या असलेली बारीक काडी, आणि ती बसते बंदुकीच्या गोळीसारख्या निमुळत्या शटलमध्ये. शटल हेलकावे घेत मागेपुढे जातं. सिंगर २७, २८, १२७, १२८ या त्यातल्या. २७ आणि १२७ पूर्ण आकाराच्या, त्यांचा बैठा भाग सुमारे साडेचौदा इंच लांब. २८ आणि १२८ लहान, सुमारे साडेबारा इंच. पेटीतली हातमशीन बहुधा लहानच असते. २८ आणि १२८ यांत फरक असा: १२८ मध्ये शटल वर उचलून देणारी छोटी कळ असते आणि बॉबिन भरायचं चाक मोठ्या चाकाजवळ उंचावर बसवलेलं असतं. २८ मध्ये कळ नाही आणि भरणी खाली, बैठकीच्या जवळ.

दुसरं घराणं १५ नंबरचं. गोल, दोन्ही बाजूंनी सपाट, सुमारे २० मिलिमीटर व्यासाची बॉबिन. ती सुटी होणाऱ्या बॉबिनकेसमध्ये घालून डाव्या बाजूने आत बसवायची. सिंगर १५ के हीच, आणि आपल्याकडच्या उषा, मेरिट, रीटा यांच्या साध्या काळ्या मशीनही याच वंशातल्या. उषा कोलकात्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सने १९३० च्या दशकात काढली. पुढे देशभर जे भाग तयार झाले आणि आजही लुधियानात तयार होतात, ते प्रामुख्याने याच घराण्याला बसणारे. म्हणूनच बेळगावच्या खडे बाजारात, निपाणीत किंवा अथणीत सुट्या भागांच्या दुकानात शिरलात तर बॉबिनकेस, शटल, कापड पुढे सरकवणारे दाते, टेन्शनच्या म्हणजे दोरा ताणून धरणाऱ्या चकत्या सगळं लगेच मिळतं. वापरायला मशीन निवडताना माझ्या मते हीच बाब सगळ्यांत वजनदार आहे.

तिसरं ६६ आणि तिची लहान बहीण ९९. बॉबिन वरून टाकायची, तिच्या दोन्ही बाजू किंचित फुगीर. १५ ची सपाट बॉबिन ६६ मध्ये दडपून बसवायचा प्रयत्न होतो आणि मग टाका बिघडला म्हणून मशीनला दोष दिला जातो. चौथं घराणं २०१: फिरता हूक (वरचा दोरा पकडून फास घालणारा भाग), आत दातेरी चाकं, आवाज अगदी मऊ. मिळाली आणि आत मोडतोड नसेल तर सोडू नका; सरळ टाक्याला घरगुती मशीनमध्ये तिच्या तोडीची कमीच.

याखेरीज टेलरच्या दुकानातून निघालेली ३१ के आणि तिच्या नकला, ज्यांना बाजारात छत्री मशीन म्हणतात, आणि चर्मकारांची २९ के, जिचा पाय, म्हणजे सुईजवळ कापड दाबून धरणारा भाग, कुठल्याही दिशेला वळतो. या धंद्याच्या मशीन. घरगुती सुई त्यांना चालत नाही.

आता नंबर. सिंगरचा नंबर बैठकीवर उजव्या हाताला, खांबाच्या पायथ्याशी ठोकलेला असतो. १९०० च्या आधीच्या मशीनवर नुसते आकडे, त्यानंतर आधी अक्षर. क्लाइडबँकच्या मशीनवर एफ, जे, वाय ही एकेरी अक्षरं येतात आणि १९३५ पासून ईए, ईबी अशी दुहेरी. तुमची वाय म्हणजे १९३५ च्या अलीकडची नाही. कंपनी नंबरांचे गट आधी वाटून ठेवायची आणि मशीन नंतर तयार व्हायची, त्यामुळे यादीतल्या तारखेत वर्ष-दीड वर्ष मागेपुढे धरा. मॉडेलच्या आकड्यामागचा 'के' म्हणजे किलबोवी, क्लाइडबँकमधल्या त्या कारखान्याची जागा. तो कारखाना १९८० मध्ये बंद झाला.

दोन चुका वारंवार होतात. सरकत्या पट्टीवर किंवा पायावर 'सिमॅन्को' (सिंगर कंपनीच्या नावाचं लघुरूप) असं लिहून पाच-सहा आकडे असतात. तो सुट्या भागाचा क्रमांक आहे, मशीनचा नव्हे. त्यावरून वर्ष काढू नका. दुसरी चूक निळ्या काठाच्या गोल बिल्ल्याची. त्यावर १८५१–१९५१ असं असतं. ते कंपनीच्या शंभरीचं चिन्ह आहे. मशीन १८५१ ची नाही, १९५१ च्या आसपासची.

नकलाही पुष्कळ आहेत. सिंगरसारखं वाचता येईल असं नाव, तीच सोनेरी वेलबुट्टी, पण नंबराला अक्षर नाही आणि एकाही भागावर सिमॅन्को नाही. नक्कल वाईटच असते असं नाही, कित्येक छान शिवतात. पैसे मात्र नकलेचे द्या.

किमतीबद्दल स्पष्ट बोलतो, कारण या बाबतीत सीमाभागातल्या गावांतूनही लोक फसतात. २००९ मध्ये सौदी अरेबियात अफवा उठली की जुन्या सिंगरमध्ये 'लाल पारा' असतो, आणि लोकांनी वेड्यासारखे भाव दिले. तसं काहीही आत नसतं. आत बीड (ओतीव लोखंड), पोलाद, थोडं पितळ आणि तेल असतं. आजही कुणी फोनवर सुईजवळ मोबाइल धरून सिग्नल जातो का बघा, नंबर पाठवा, मग लाखो देतो असं सांगितलं आणि आधी 'नोंदणी'चे पैसे मागितले, तर फोन ठेवा. २८ आणि १५ या मशीन लाखोंनी तयार झाल्या, दुर्मीळ नाहीत. खरी किंमत ठरते ती नक्षी किती शाबूत आहे, पेटी आणि किल्ली आहे का, सरकत्या पट्ट्या दोन्ही आहेत का आणि शटल मूळचं आहे का यावर. लांब शटलच्या मशीनची पट्टी किंवा शटल हरवलं तर बदली भाग स्थानिक दुकानात मिळत नाही, म्हणून पेटीच्या कप्प्यातली प्रत्येक बारीक वस्तू जपून ठेवा.

आता चाक सोडवणं. जोर लावायचा नाही, हा एकच नियम कडक पाळा. हँडल धरून दाबलंत तर हातमशीनच्या दातेरी चाकाचा दात तुटतो, आणि तिथे बीड असेल तर तो जोडणं कटकटीचं असतं.

आधी हे ठरवा की अडकलंय कुठे. सुई काढा. पाय वर करा. सरकत्या पट्ट्या काढा, शटल बाहेर घ्या, सुईपट्टीचे स्क्रू काढून खाली बघा. अर्ध्या वेळा दात्यांखाली फेल्टसारखा घट्ट झालेला धाग्यांचा गठ्ठा किंवा शटलच्या वाटेत मोडक्या सुईचं टोक सापडतं. ते चिमट्याने काढलं की चाक सुटतं. मग हँडल बाजूला करा. मशीन मोकळी आणि हँडलच जाम, असंही असतं.

तरीही हलत नसेल तर वाळलेलं तेल. खोबरेल किंवा गोडंतेल घातलेली मशीन असेल तर ते लाखेसारखं पिवळट-तपकिरी, कडक झालेलं दिसेल. आपल्याकडे हे कारण फार मोठं आहे. शिलाई मशीनचं पांढरं पातळ तेल खनिज असतं, ते वाळत नाही. खायचं तेल हवेने घट्ट होत जातं आणि शेवटी सांधे चिकटवतं. मशीन मागे कलंडवा, जिथे धातूवर धातू फिरतो ती प्रत्येक जागा शोधा. वरची भोकं, तोंडाची पट्टी काढल्यावर दिसणारी सुईदांडी आणि पायाची दांडी, खालचे सगळे टोकदार स्क्रूवरचे सांधे. तिथे रॉकेल मिळालं तर ब्रशने लावा, नाहीतर मशीनचंच तेल सढळ घाला. रंगावर ओघळ येऊ देऊ नका, खाली जुनं कापड ठेवा. रात्रभर ठेवा. सकाळी केस वाळवायच्या यंत्राने दहा-पंधरा मिनिटं सांध्यांना ऊब द्या. हात टेकवता येईल इतपतच. मग चाक दोन्ही हातांनी धरून अगदी थोडं, दोन-तीन मिलिमीटर, मागेपुढे डोलवा. हललं की पुन्हा तेल, पुन्हा डोलवणं. पूर्ण फेरा पहिल्या दिवशी नाही झाला तर दुसऱ्या दिवशी होईल. आठवडाही लागू शकतो. गंज उडवायचे फवारे मिळतात, ते सोडवण्यापुरते ठीक, पण ते वंगण नाहीत. रॉकेल असो की फवारा, सुटल्यावर पुसून काढा आणि प्रत्येक जागी खऱ्या तेलाचा एक-एक थेंब द्या. ते केलं नाही तर कोरडा धातू घासतो आणि महिन्याभरात मशीन पुन्हा जड होते.

चाक फिरतं पण सुई हलत नाही, ही वेगळी गोष्ट. मोठ्या चाकाच्या मध्यावरचा गोल खटका ढिला आहे, बॉबिन भरताना करतात तसा. तो आवळा. आवळूनही पकड येत नसेल तर त्यावरचा इवलासा स्क्रू काढा, खटका उघडा, आतली चकती बघा. तिला आतल्या बाजूला दोन कान असतात आणि बाहेर तीन. ती अर्धा फेरा फिरवून बसवली की बहुतेक वेळा पकड येते.

स्क्रूंबद्दल एक इशारा. सिंगरच्या स्क्रूचे आटे बाजारातल्या मेट्रिक किंवा व्हिटवर्थ आट्यांशी जुळत नाहीत. हार्डवेअरच्या दुकानातला 'जवळपास' बसणारा स्क्रू पिळून बसवला की भोकाचे आटे कायमचे जातात. काढलेला प्रत्येक स्क्रू त्याच्याच भोकात दोन आटे परत लावून ठेवा. एखादा हरवलाच तर बेळगावच्या उद्यमबाग या कारखान्यांच्या भागात लेथवर नमुना देऊन करून घेता येतो. बेळगावात बीड ओतणारे आणि कातकाम करणारे इतके आहेत की असल्या कामाला पुण्याला जायची गरज नाही. स्टँडचा बिडाचा पाय तुटला असेल तर तेही इथेच जोडून मिळेल. साध्या वेल्डिंगने मात्र नको, बीड तडकतं. पितळी झाळ किंवा निकेलची कांडी आणि आधी गरम करणं, हे समजणाऱ्याकडेच द्या.

सोनेरी नक्षीची काळजी घ्या. काळ्या रंगावर नक्षी आणि तिच्यावर लाखेचा पारदर्शक थर अशी रचना असते. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. सॅनिटायझर, थिनर, काच पुसायचं पाणी, भांड्याचा साबण यातलं काहीही लावू नका. साबणपाण्याने तो थर पांढुरका पडतो आणि सोनेरी रंग चंदेरी होतो. तो परत येत नाही. मशीनच्या तेलात भिजवलेला कापसाचा बोळा घ्या, गोल-गोल हलक्या हाताने फिरवा, बोळा काळा झाला की टाका. बोळ्यावर सोनेरी कण दिसला की तिथे थांबा. निकेलच्या चकचकीत भागांवरचा गंज तेल लावून बारीक स्टीलवूलने हळू जातो. तेच स्टीलवूल काळ्या रंगावर कधीही नाही. आणि मशीन 'नवी' करून देतो म्हणणाऱ्या रंगाऱ्याला देऊ नका. शंभर वर्षांचा झिजलेला रंग हाच तिचा पुरावा असतो. स्प्रे मारला की तोही जातो आणि किंमतही.

लांब शटल वापरायचं कसं, हे आता सांगणारी माणसं कमी झाली आहेत. बॉबिन शटलमध्ये घाला, दोरा बाजूच्या फटीत सरकवून स्प्रिंगच्या पट्टीखाली ओढा. बोटभर दोरा धरून ओढला तर थोडा अडत पण झटके न देता यायला हवा. स्प्रिंगवरचा स्क्रू केसाएवढा असतो, पाव फेऱ्यापेक्षा जास्त फिरवू नका आणि हे काम पांढऱ्या ताटात करा. पडला तर सापडेल. शटलच्या टोकावर नख फिरवा. खरखर लागली तर दोरा तिथेच तुटणार. अगदी बारीक, हजार नंबरच्या पॉलिश पेपरने ती घालवा, टोक बोथट करू नका. नव्या नकली लांब बॉबिन घेतल्यात तर मूळ बॉबिनशेजारी ठेवून लांबी मोजा. किंचित जास्त लांब असली तरी शटलमध्ये अडते आणि तुम्ही टेन्शन शोधत बसता. या मशीनला उलटा टाका नाही. शेवटी सुई कापडात ठेवून पाय उचला, कापड फिरवा आणि तीन टाके परत घ्या.

सुई दोघींना एकच: चपट्या दांड्याची साधी घरगुती सुई. पातळ मलमलला ११ नंबर, पॉपलिन, खण आणि बहुतेक घरकामाला १४, जाड ड्रिल किंवा जीन्सला १६ ते १८. चपटी बाजू कुठल्या दिशेला, यावर वाद होतात कारण प्रत्येक मशीनचं वेगळं असतं. खात्रीचा नियम हा: सुईवर एका बाजूला लांब खाच असते, चपट्या बाजूच्या विरुद्ध. सुईच्या लगेच वर दोरा अडकवायची शेवटची कडी ज्या बाजूला आहे, लांब खाच त्याच बाजूला हवी आणि दोरा खाचेच्या बाजूने नेढ्यातून जायला हवा. सुई पूर्ण वर टेकवून आवळा. ती दोन मिलिमीटर खाली राहिली तरी टाके सुटतात, आणि 'टायमिंग गेलं' असं निदान होऊन मशीन विनाकारण खोलली जाते. खरं टायमिंग बघायचं तर सुई सर्वांत खालच्या जागेवरून साधारण सव्वादोन ते अडीच मिलिमीटर वर आली की हुकाचं टोक नेढ्याच्या जरा वर, सुईच्या खोलगट भागात यायला हवं. हे मोजल्याशिवाय आतला एकही स्क्रू ढिला करू नका.

आता दुकानातली उषा. नवा रंग बघून खूश होऊ नका, उलट तिथूनच तपास सुरू करा. स्क्रूच्या खाचांत रंग भरलाय का? मग मशीन न खोलता रंगवली आहे. तेलाची भोकं रंगाने बुजली आहेत का? मग रंगवल्यापासून तिच्यात तेल गेलेलंच नाही. सुईदांडी बोटांनी धरून डावी-उजवीकडे हलवा. जाणवण्याइतकी खेळत असेल तर बुश, म्हणजे दांडी ज्यात सरकते त्या नळ्या, झिजले आहेत. मोठं चाक आत-बाहेर ओढा, तिथेही खडखड नको. हुकाच्या टोकावर नख फिरवा. दात्यांची टोकं बघा, गुळगुळीत झाली असतील तर कापड सरकणार नाही. ते भाग स्वस्तात मिळतात, म्हणून तेवढ्यावरून नाकारू नका, पण भाव पाडून घ्या. मशीन मागे कलंडवण्याआधी बिजागरीच्या खुंट्यांचे स्क्रू आवळलेले आहेत का ते हाताने चाचपा. ते ढिले असले तर डोकं सरळ पायावर पडतं.

दुकानात जाताना स्वतःचा दोरा, नवी १४ नंबरची सुई, हातभर पॉपलिन आणि जीन्सचा तुकडा न्या. पॉपलिनच्या दोन थरांवर लहान टाका, मोठा टाका, मग जीन्सचे चार थर. 'चालते' म्हणून नुसतं चाक फिरवून दाखवणाऱ्याकडून घेऊ नका. अथणी, गोकाककडच्या बाजारात 'होलिगे मशीन' (कन्नडमध्ये होलिगे म्हणजे शिवण) म्हणून विचारलंत तर जुन्या मशीन ठेवणारी दुकानं लवकर सापडतील.

स्टँडचा पट्टा चामड्याचा गोल असतो, तारेच्या क्लिपने जोडलेला. नवा पट्टा लांब मिळतो. चाकांवरून घालून, टोकं टेकतील तिथे खूण करून, अर्धा इंच कमी कापा. तो काही दिवसांत ताणतो, तेव्हा पुन्हा थोडा कापा. फार ताठ केलात तर पायटा जड जातो आणि बुश झिजतात, ढिला ठेवलात तर जाड कापडावर घसरतो. पट्ट्याला तेल लागू देऊ नका. पायट्यातून खटखट येत असेल तर पायटा आणि मोठं चाक जोडणाऱ्या दांड्याचं टोक सैल असतं. आवळा आणि तिथे घट्ट ग्रीस द्या. शिकताना दोरा न घालता, पाय वर करून, फक्त चाक आपल्या दिशेने फिरवत राहायचा सराव करा. चाक उलटं गेलं की दोरा हुकात गुंततो, आणि नव्या माणसाच्या दोरा तुटण्याचं हेच पहिलं कारण असतं.

दुसरं कारण टेन्शनकडे न बघता स्क्रू पिळणं. खालच्या बाजूला दोऱ्याचे फास आले की लोक बॉबिनकेसचा स्क्रू पिळतात. दोष मात्र वरच्या दोऱ्याचा असतो. बहुधा दोरा घालताना पाय खाली होता, म्हणून तो चकत्यांमध्ये शिरलाच नाही. पाय वर करून पुन्हा ओवा. बॉबिनकेस दोऱ्याने लटकवा: स्वतःच्या वजनाने धाडकन खाली आली तर ढिली, झटका दिला तरी न हलली तर कडक. झटक्याला बोटभर सरकून थांबली की ठीक. बॉबिन केसमध्ये अशी बसवा की दोरा फटीत शिरताना उलट वळण घेईल. खालचं एकदा बसवलं की मग सगळं वरच्या दोऱ्याच्या टेन्शनच्या गोल खटक्यावर करा. आणि पेटीत सापडलेली जुनी सुती रिळं शिवायला घेऊ नका, हाताने ओढून बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखी तुटतात.

काम कोणाला कोणतं? खणाची चोळी, इरकलीचा काठ, पडदे, उशांच्या खोळी, मुलांचे शाळेचे कपडे यांना १५ घराण्याची उषा उत्तम. खणाच्या काठावर जाडी अचानक वाढते, तिथे चाक हाताने फिरवून दोन टाके घ्या, सुई वाचते. २८ के वर एक हात हँडलवर असतो, म्हणून बाह्या बसवणं अवघड. पण सुती कापडावर तिचा टाका इतका सरळ येतो की रुमाल, लंगोट, झबली, टोपरी यांना तीच बरी. वाकळ मात्र दोघींवर नको. लुगड्यांचे सात-आठ थर पायाखाली जात नाहीत, गेले तरी वरचा थर पुढे सरकून चुण्या पडतात. वाकळ हातानेच घाला, मशीनवर फक्त कडेची पट्टी लावा. चामडं तर नकोच. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये मिळालेल्या भौगोलिक मानांकनात बेळगाव जिल्हाही आहे, आणि अथणी-निपाणीकडे ते काम चालतं, म्हणून घरची मशीन चामड्यावर घालून बघण्याचा मोह इथे होतो. त्याला २९ के सारखी मशीन आणि कापणाऱ्या टोकाची सुई लागते. घरगुती मशीनची सुईदांडी वाकते.

मोटर लावायची तर उषाला लावा, सिंगरला भोकं पाडू नका. एखाद्या जुन्या मशीनवर मूळची मोटर आली असेल तर पाटीवर व्होल्ट वाचा. ११० लिहिलेलं असेल तर आपल्या लाइनला जोडायची नाही. रबरी वायर कुरकुरीत झाली असेल तर व्होल्ट कितीही असो, आधी वायर बदला.

राहिला पाऊस. खानापूर, जांबोटीकडे जूनपासून भिंतींना ओल येते, आणि बंद लाकडी पेटी ती ओल आत धरून ठेवते. प्लास्टिकने तर मुळीच झाकू नका. पावसाळ्यात पेटीचं झाकण काढून मशीन सुती कापडाखाली, भिंतीपासून हातभर लांब ठेवा. दर पंधरा दिवसांनी सुई काढून, शटल बाहेर घेऊन दहा-वीस फेरे फिरवा, उघड्या पोलादावर तेलाचा बोळा फिरवा. पायाखाली जुन्या कापडाचा तुकडा ठेवून पाय खाली सोडा, म्हणजे दात्यांवर धातू टेकून राहत नाही आणि ठिबकलेलं तेल कापड शोषतं. गणपतीत नवं काही शिवायला बसाल तेव्हा पहिले दोन हात टाके त्याच तुकड्यावर घाला. उरलेलं तेल सुईवाटे त्यात उतरतं आणि नव्या कापडावर डाग पडत नाही.